चौल-रेवदंड्याचा किनारा आणि फुलवेलींची चिनी भांडी

चिनी मातीच्या ताटल्या, वाडगे, सुरया आणि कपबशा यांवर फुलांची नक्षी काढण्याची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. या परंपरेची जन्मभूमी चीन असली तरी तिची बाजारपेठ हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरलेली होती, आणि रायगड जिल्ह्यातील चौल हे त्या बाजारपेठेतील एक मोठे बंदर होते. चौल, रेवदंडा आणि समोरचे कोर्लई या कुंडलिका खाडीच्या मुखाजवळच्या परिसरात जुन्या वस्तीच्या मातीत चिनी भांड्यांची खापरे मिळतात. त्यांच्यावरची कमळे, शेवंती आणि वेली पाहून भांडे कोणत्या काळातले, कोठे घडवलेले आणि कोणत्या ग्राहकासाठी बनवलेले हे बऱ्याच अंशी सांगता येते. म्हणून या नक्षीचा इतिहास हा कोकणच्या सागरी व्यापाराचाही इतिहास आहे.

भांडे कशाचे बनते

भाजलेल्या मातीच्या भांड्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार साध्या मातीच्या भांड्यांचा. ही सुमारे ८०० ते ११०० अंश सेल्सियसला भाजतात. त्यांचे अंग सच्छिद्र राहते आणि झिलई दिली नाही तर पाणी झिरपते. दुसरा प्रकार दगडी भांड्यांचा. ही १२०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात. अंग घट्ट आणि जड होते, पण प्रकाश आरपार जात नाही. लोणच्याची जुनी तपकिरी-पांढरी बरणी या प्रकारात मोडते. तिसरा प्रकार म्हणजे पोर्सलीन, ज्याला मराठीत नेमकेपणाने चिनी भांडे म्हणता येईल. त्याचे अंग पांढरे, घट्ट आणि पातळ असते. उजेडासमोर धरले तर मागच्या बोटांची सावली दिसते आणि काठावर टिचकी मारली तर स्वच्छ नाद येतो.

पोर्सलीनसाठी दोन घटक लागतात. एक केओलिन ही पांढरी, लोहरहित माती. चीनच्या जिआंगशी प्रांतातील जिंगदेजेन या गावाजवळच्या गाओलिंग टेकडीवरून तिला हे नाव मिळाले. दुसरा घटक म्हणजे फेल्डस्पार आणि अभ्रक असलेला दगड कुटून केलेली पूड. भट्टीचे तापमान १३०० अंशांच्या जवळ गेले की ही पूड वितळून काचेसारखी होते आणि केओलिनचे कण तिच्यात धरले जातात. केओलिन भांड्याला आकार सांभाळण्याचे बळ देते, तर दगडाची पूड त्याला काचेचा घट्टपणा आणि पारभासकता देते. ही जोडी चिनी कारागिरांना इ. स. च्या पहिल्या सहस्रकातच साधली. युरोपाला ती समजायला अठरावे शतक उजाडले.

फुले काढण्याच्या पद्धतीही मुख्यतः तीन. ओल्या अंगावर कोरून किंवा साच्याने उठवून वर झिलई देणे ही सर्वांत जुनी. दुसऱ्या पद्धतीत कच्च्या भांड्यावर रंगाने चित्र काढतात, त्यावर पारदर्शक झिलई देतात आणि सगळे एकदमच भाजतात. चित्र झिलईखाली बंद झाल्यामुळे ते घासून जात नाही, शतकानुशतके खारट मातीत पडूनही टिकते. मात्र १३०० अंशांचा ताप सोसणारे रंग फार थोडे. त्यांत कोबाल्टचा निळा हा सर्वांत भरवशाचा. तिसऱ्या पद्धतीत झिलईसह भाजून तयार झालेल्या भांड्यावर काचेच्या पुडीत मिसळलेले रंग लावतात आणि ७०० ते ८५० अंशांच्या मंद आचेवर पुन्हा भाजतात. या पद्धतीत गुलाबी, पिवळा, हिरवा, सोनेरी असे अनेक रंग मिळतात, पण ते पृष्ठभागावर असल्याने वापरात झिजतात. भांड्याची पद्धत ओळखली की त्याचा काळ ओळखण्याचे अर्धे काम होते.

सैमूर ते चौल

पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात सेमिल्ला किंवा सिमुल्ला या नावाने येणारे बंदर म्हणजे चौल असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरबी प्रवासी त्याला सैमूर म्हणत. अल मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे आला होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी आहेत, असे त्याने लिहून ठेवले. ही व्यापारी मंडळी इराणच्या आखातापासून चीनपर्यंतच्या जलमार्गाशी जोडलेली होती.

या मार्गावर फुलांची भांडी किती मोठ्या प्रमाणात फिरत होती याचा पुरावा इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडला. नवव्या शतकात बुडालेल्या, पश्चिम आशियाई पद्धतीने फळ्या शिवून बांधलेल्या एका जहाजात सुमारे साठ हजार चिनी वस्तू होत्या. त्यांतील बहुतेक वाडगे हुनान प्रांतातील चांगशा येथील होते; त्यांवर तपकिरी आणि हिरव्या रंगांत फुले, पाने, पक्षी आणि ढग झपाझप रेखाटलेले होते. एका वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारी चिनी तारीख कोरलेली आहे. परदेशी ग्राहकासाठी हजारोंच्या संख्येने फुलांची नक्षी काढण्याचा उद्योग त्या काळातही उभा राहिलेला होता.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी विश्वास गोगटे यांच्या पुढाकाराने चौल परिसरात सर्वेक्षण आणि उत्खनन केले. तेथे सातवाहन काळापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले आणि त्यानंतरच्या काळातील पश्चिम आशियाई व चिनी झिलईच्या भांड्यांची खापरेही मिळाली. दोन्ही प्रदेशांतली भांडी एकाच ठिकाणी मिळणे महत्त्वाचे आहे. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारा माल येथे एकत्र येत होता, हे त्यातून दिसते.

हिरव्या झिलईतील कमळ

बाराव्या ते चौदाव्या शतकांत हिंदी महासागरात सर्वाधिक मागणी असलेले चिनी भांडे म्हणजे सेलाडॉन. झेजिआंग प्रांतातील लोंगचुआन येथील भट्ट्यांत ते तयार होई. झिलईत अगदी थोडे लोह मिसळून भट्टीत हवा कमी ठेवली की भांड्यावर कोवळ्या पानाचा किंवा समुद्राच्या पाण्याचा हिरवा रंग चढतो. हाच लोहाचा अंश भरपूर हवेत भाजला तर रंग पिवळट-तपकिरी होतो. तेव्हा रंग साधणे हे मातीपेक्षा भट्टी सांभाळणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असे.

सेलाडॉनवर रंगीत चित्र नसते. वाडग्याच्या बाहेरील बाजूस कमळाच्या पाकळ्या एकाला एक लागून कोरलेल्या असतात आणि आत तळाशी एखादे उमललेले फूल साच्याने उठवलेले असते. खोलगट रेषांत झिलई जाड साचते आणि तेथे हिरवा रंग गडद दिसतो. त्यामुळे एकाच रंगात फुलाला उठाव येतो. कमळाची नक्षी बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये जाऊन तेथील कलेत रुजली होती. कान्हेरी आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचे कमळ आणि चौलच्या बंदरात उतरलेल्या हिरव्या वाडग्यावरचे कमळ यांच्यामध्ये अनेक शतकांचा आणि एका खंडाचा प्रवास आहे. विष घातलेले अन्न वाढले तर सेलाडॉनची ताटली तडकते, अशी समजूत भारत आणि पश्चिम आशियातील दरबारांत प्रचलित होती. तिच्यामुळेही या भांड्यांचे मोल वाढले.

निळी वेल

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिंगदेजेनच्या कारागिरांनी पांढऱ्या अंगावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने चित्र काढण्याची पद्धत पूर्णत्वाला नेली. चीनवर तेव्हा मंगोल युआन घराण्याचे राज्य होते आणि पश्चिम आशियाशी व्यापार जोरात होता. उत्तम कोबाल्ट इराणमधून येई. त्यात लोह जास्त आणि मँगनीज कमी असल्याने निळा रंग गडद आणि तजेलदार उठे, काही ठिकाणी काळपट ठिपकेही उमटत. चीनमधील स्थानिक कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त. त्याचा निळा किंचित करडा दिसतो. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या दोन सुरयांवर १३५१ हे वर्ष लिहिलेले आहे. फुलवेलींचीही नक्षी असलेल्या या सुरया निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा काळ ठरवण्यासाठी आधार मानल्या जातात.

या भांड्यांची रचना पश्चिम आशिया आणि भारतातील ग्राहकाच्या गरजेनुसार झाली. चिनी घरात प्रत्येकाचा वाडगा वेगळा असे. इकडे एका मोठ्या तबकाभोवती अनेकांनी बसून जेवण्याची रीत होती. म्हणून निर्यातीसाठी चाळीस सेंटिमीटरहून मोठी तबके बनवली गेली आणि त्यांवर कडेपासून मध्यापर्यंत वर्तुळाकार पट्ट्यांत नक्षी भरली गेली. ही मांडणी इराणी धातूच्या तबकांवरून घेतलेली, फुले मात्र चिनी. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या कोटल्यात अशा युआनकालीन तबकांचे आणि वाडग्यांचे तुकडे सापडले आहेत. याच शतकात इब्न बतूता या प्रवाशाने चिनी भांडी भारतात आणि पुढे थेट मोरोक्कोपर्यंत जातात अशी नोंद केली.

निळ्या नक्षीत काही फुले पुन्हा पुन्हा येतात. कमळ शुचितेचे चिन्ह. ते वेलीवर दाखवतात आणि त्याची पाने टोकदार काढतात. पिओनी हे मोठे, भरगच्च, दुमडलेल्या पाकळ्यांचे फूल संपत्ती आणि मानमरातब यांचे. शेवंती शरद ऋतूची आणि दीर्घायुष्याची; तिच्या बारीक पाकळ्या मध्याभोवती दोन ओळींत येतात. हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण फांदीवर फुलणारे पाच पाकळ्यांचे आलुबुखाराच्या जातीचे फूल चिकाटीचे. पिओनी वसंताची, कमळ उन्हाळ्याचे, शेवंती शरदाची आणि हे फूल हिवाळ्याचे, अशी चार ऋतूंची फुले एकाच भांड्यावर आणण्याचा प्रघात होता. भारतीय ग्राहकाला हे संकेत माहीत असण्याची गरज नव्हती. कमळ आणि शेवंती त्याच्या पूजेतली होती आणि वळसे घेत जाणारी वेल त्याच्या लाकडी कोरीव कामात आणि कापडावर आधीपासून होती.

त्या काळी चौल बहमनी राज्याचे महत्त्वाचे बंदर होते. १४६९ च्या सुमारास भारतात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन चौललाच उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने चौलच्या बाजाराचे वर्णन केले. वर्षातील तीन-चार महिने देशावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरत, बाजार गजबजून जाई आणि हंगाम संपला की वस्ती विरळ होई. जहाजांची ये-जाही मोसमी वाऱ्यांवर चाले. समुद्रमार्गे आलेली ठिसूळ भांडी गवतात बांधून बैलांच्या पाठीवरून घाट चढत असत. म्हणूनच घाटावरच्या राजधान्यांच्या वैभवाला कोकणच्या बंदरांपासून वेगळे करता येत नाही.

पोर्तुगीज रेवदंडा

चौलचे दोन भाग होते. वरचे चौल निजामशाहीच्या ताब्यात आणि खाडीच्या मुखाजवळचे खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, पोर्तुगिजांकडे. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये तेथे किल्ल्याचे काम सुरू केले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेला दीर्घ वेढा त्यांनी परतवला आणि १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही घेतला. रेवदंड्याच्या तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत चर्चचे भग्न अवशेष आणि सातखणी नावाने ओळखला जाणारा मनोरा उभा आहे.

पोर्तुगिजांना १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे वस्ती मिळाली. मकाव, मलाक्का, गोवा आणि तेथून उत्तरेकडे चौल, वसई, दीव व होर्मुझ अशी साखळी तयार झाली. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ च्या नोव्हेंबरमध्ये चौलला पोचला. चौलमध्ये मसाले, औषधी द्रव्ये, रेशीम, चंदन आणि हस्तिदंत यांचा मोठा व्यापार चालतो असे त्याने नमूद केले आणि त्या यादीत चिनी कामाच्या वस्तूही भरपूर असल्याचे सांगितले. त्या काळच्या चौलमध्ये चिनी माल नित्याचा होता याला प्रत्यक्षदर्शीचा हा आधार आहे.

या साखळीतून सर्वाधिक गेलेला प्रकार म्हणजे क्राक. पोर्तुगिजांच्या कॅरॅक जातीच्या जहाजांवरून त्याला हे नाव पडले असे मानतात. मिंग घराण्यातील वानली बादशहाच्या काळात, म्हणजे १५७३ ते १६२० च्या दरम्यान, जिंगदेजेनमध्ये तो मोठ्या संख्येने बनला. क्राक ताटलीची कड रुंद-अरुंद खणांत विभागलेली असते. रुंद खणांत पिओनी, शेवंती, पीच फळे किंवा शुभचिन्हे. अरुंद खणांत गाठी आणि लटकणाऱ्या फिती. मधोमध तळ्याकाठची फुले, त्यांत बदक किंवा टोळ. अंग पातळ असते आणि कडेवर झिलईचे बारीक टवके उडालेले असतात. याच काळातील दक्षिण चीनच्या झांगझोऊ भट्ट्यांतली भांडी जाड, चित्र सैल हाताचे आणि बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली. ती स्वस्त असत. खापरांत या दोन्ही जाती वेगळ्या करता आल्या की एखाद्या वस्तीत कोणत्या ऐपतीचे लोक राहत होते याचाही अंदाज बांधता येतो.

चिनी भांडी जहाजाच्या तळाशी ठेवली जात. पाण्याने त्यांचे काही बिघडत नसे आणि त्यांच्या वजनाने जहाज स्थिर राहत असे. वरच्या कोरड्या भागात रेशीम, मसाले आणि पुढच्या काळात चहा भरला जाई. १६०३ मध्ये डचांनी सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यावरील चिनी भांड्यांचा १६०४ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलाव केला. तेव्हापासून उत्तर युरोपात या भांड्यांचे वेड पसरले. पुढे डचांचा जोर वाढत गेला, मुंबई आणि सुरतेकडे व्यापार वळला आणि चौलचे महत्त्व उतरले. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले.

गुलाबी रंग आणि मुंबईचे व्यापारी

१७२० च्या दशकात चिनी भांड्यांवर गुलाबी रंग अवतरला. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून तो तयार करत आणि अपारदर्शक पांढऱ्या रंगात मिसळून त्याच्या फिक्या-गडद छटा काढत. झिलईवरच्या या रंगांमुळे पाकळीचा मुडपलेला काठ आणि कळीचा देठाकडचा फिका भाग दाखवणे शक्य झाले. निळ्या वेलीच्या रेखीव नक्षीऐवजी आता खऱ्या बागेतल्यासारखी फुले दिसू लागली. पुष्कळदा पांढरी भांडी जिंगदेजेनमध्ये भाजली जात आणि कँटन, म्हणजे ग्वांगझू येथे, परदेशी व्यापाऱ्यांच्या मागणीनुसार रंगवली जात.

मुंबईचे पारशी व्यापारी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कँटनला कापूस आणि अफू नेत आणि परतताना चहा, रेशीम आणि भांडी आणत. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव. त्यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. पारशी घरांत चिनी भरतकामाच्या गारा साड्यांबरोबर गुलाबी फुलांची चिनी भांडीही पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. एकोणिसाव्या शतकात विशेष खपलेल्या प्रकारात एका खणात माणसांची चित्रे आणि दुसऱ्या खणात फुले, पक्षी व फुलपाखरे असत. साडीच्या काठावरचे आणि ताटलीच्या कडेवरचे पक्षी, फुले व फुलपाखरे एकाच शैलीतली आहेत, हे दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या की लगेच लक्षात येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांत चिनी भांड्यांचे उत्तम नमुने पाहता येतात.

युरोपची नक्कल आणि छापील फुले

युरोपात खरे पोर्सलीन प्रथम जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात योहान फ्रीड्रिश ब्योटगरच्या प्रयोगांतून साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तेथे पौर्वात्य फुलांची नक्कल होई. १७४० च्या सुमारास युरोपातील बागांची फुले, विखुरलेल्या छोट्या गुच्छांच्या रूपात, काढली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडच्या कारखान्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बोन चायनाचे मिश्रण पक्के केले. त्यात गुरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते. तिच्यामुळे अंग दुधाळ पांढरे, पातळ आणि तरीही मजबूत होते.

सर्वसामान्य माणसाच्या हातात फुलांची कपबशी पोचवली ती मात्र छपाईने. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, तीत तेलात कालवलेला रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो कागद भांड्यावर घासून चिकटवायचा आणि पाण्याने कागद काढून टाकायचा. लिव्हरपूलमध्ये १७५० च्या दशकात ही रीत सुरू झाली आणि १७८४ मध्ये स्पोडने झिलईखालच्या निळ्या रंगासाठी ती यशस्वी केली. चित्रकाराला एका ताटलीला लागणारा वेळ काही मिनिटांवर आला. स्टॅफर्डशरच्या कारखान्यांतून आणि हॉलंडच्या मास्ट्रिख्ट शहरातून अशी भांडी मुंबई बंदरात उतरू लागली. मुंबईहून ती गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी किनाऱ्याच्या गावांत पोचली. विसाव्या शतकात चहा घरोघरी आला तशी कपबशी कोकणातल्या घराचा भाग झाली. नेहमीच्या वापराची वेगळी आणि पाहुण्यांसाठी कपाटात जपलेली फुलांची वेगळी.

इंग्रजी कपबशीवरच्या गुलाबाचा इतिहासही सागरी व्यापाराशी जोडलेला आहे. युरोपातील जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी चीनमधून नेलेल्या, पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या गुलाबांशी त्यांचा संकर झाला आणि आधुनिक बागेतला गुलाब निर्माण झाला. त्यांतील काही रोपे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतूनच गेली. रॉयल अल्बर्ट कंपनीची लाल-पिवळ्या-गुलाबी गुलाबांची आणि सोनेरी काठाची ओल्ड कंट्री रोझेस ही मालिका १९६२ मध्ये आली आणि जगभर खपली. आज ज्याला अस्सल इंग्रजी नक्षी समजतात त्या भांड्याची कल्पना चिनी, आणि त्यावरच्या फुलाच्या वंशातही चीनचा वाटा आहे.

भारतातले काम

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांच्या मार्गदर्शनाखाली झिलईची कलात्मक भांडी बनवली गेली. त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतून घेतलेल्या आकृती आणि सिंधच्या भांड्यांवरील फुलवेली वापरल्या गेल्या. ती पोर्सलीन नव्हती, पण चिनी आणि इंग्रजी नमुन्यांची नक्कल न करता भारतीय नक्षी भांड्यावर आणण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. जयपूरची निळी भांडी ही आणखी वेगळी परंपरा: त्यांत मुख्यतः गारगोटीची पूड आणि काच असते, निळा रंग कोबाल्टचा आणि फुलवेल इराणी वळणाची.

आज उत्तर प्रदेशातील खुर्जा, जयपूर आणि गुजरातेतील कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर भांडी बनतात. बहुतेकांवरची फुले डिकल पद्धतीची असतात: खास कागदावर छापलेले चित्र पाण्यात भिजवून भांड्यावर सरकवतात आणि पुन्हा भाजतात. बाजारात फुलांचे जे हलके, चकचकीत पांढरे जेवणाचे संच मिळतात त्यांतले पुष्कळसे ओपल काचेचे असतात. ती काच असते, चिनी माती नव्हे.

भांडे कसे ओळखावे आणि जपावे

जुने भांडे पाहताना आधी ते उलटे करावे. बुडाच्या कड्यावर झिलई नसते. तेथे मूळ मातीचा रंग आणि पोत दिसतो. पांढरे, गुळगुळीत आणि घट्ट कडे पोर्सलीनचे; पाण्याचा थेंब शोषून घेणारे साध्या मातीचे. हाताने काढलेल्या चित्रात कुंचल्याचे जाड-बारीक फटकारे आणि रंगाचे साठे दिसतात, दोन फुले हुबेहूब सारखी नसतात. कागदाच्या ठशाने छापलेल्या नक्षीत कोठे तरी जोड सापडतो, जिथे वेल नीट जुळत नाही. भिंगाखाली एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते आधुनिक डिकल. कारखान्याच्या शिक्क्यात देशाचे नाव असेल तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले आणि कारखान्यांनी ती पद्धत सर्वत्र वापरली. चिनी भांड्यावरील केवळ बादशहाच्या नावाच्या खुणेवर मात्र विसंबू नये. जुन्या बादशहांची नावे आदर म्हणून नंतरच्या भांड्यांवरही लिहिली जात.

झिलईवर रंगवलेल्या जुन्या भांड्यांच्या रंगांत शिसे असू शकते. त्यांत आंबट पदार्थ, लोणचे किंवा कोकमाचे सार ठेवू नये. ती पाहण्यासाठी ठेवावीत. सोनेरी काठाचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. थंड भांड्यात एकदम उकळता चहा ओतल्यास तडा जातो. धुताना राख, तारेची घासणी आणि तीव्र पावडर टाळावी. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरते. ताटल्या एकावर एक रचताना मध्ये कागद किंवा कापड घालावे, कारण वरच्या ताटलीचे झिलई नसलेले कडे खालच्या फुलांवर ओरखडे पाडते. हाडांची राख नको असणाऱ्यांनी बोन चायनाऐवजी साधे पोर्सलीन घ्यावे.

खापराचे मोल

चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत किंवा भरतीच्या रेषेवर मिळणाऱ्या चिनी खापराला बाजारात फारशी किंमत नाही. त्याचे मोल ते कोठे मिळाले यात आहे. कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या आणि नाण्यांच्या सोबतीने ते पडले होते हे कळले तर भिंतीचा, विहिरीचा किंवा पूर्ण वस्तीचा काळ ठरतो. तेच खापर उचलून घरी नेले की उरतो तो निळ्या फुलाचा एक सुंदर पण मुका तुकडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणे गुन्हा आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर आता बांधकामे, रस्ते आणि बंगल्यांच्या बागा वेगाने वाढत आहेत आणि प्रत्येक पायाखोदाईत जुन्या बंदराचा एखादा थर उपसला जातो. पाया खणताना किंवा विहीर उपसताना चिनी खापरे मिळाली तर ती तेथेच ठेवून जागेचा फोटो काढावा, खोली मोजून लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाला कळवावे. चौलचा लेखी इतिहास बहुतेक परक्या प्रवाशांनी लिहिलेला आहे. येथे राहणाऱ्या माणसांच्या जेवणाखाण्याचा आणि आवडीनिवडीचा पुरावा या मातीतच आहे, आणि तो जपण्याची जबाबदारी या किनाऱ्यावर राहणाऱ्यांची आहे.